पत्रिकेवर कुंकू धरलं पाहिजे : छपाईच्या फिनिशिंगचा खर्च समजून घेताना

भाचीच्या लग्नाच्या पत्रिका वैनगंगेकाठच्या कारध्याच्या घरी आल्या तेव्हा सगळं घर त्यांच्याभोवती जमलं. चारशे पत्रिका, गडद मरून रंग, हाताला मखमलीसारखं लागणारं लॅमिनेशन आणि त्यावर सोनेरी अक्षरं. संध्याकाळी ताई हळद-कुंकवाच्या वाट्या घेऊन ओसरीवर बसली. पहिल्या पत्रिकेच्या कोपऱ्याला तिनं ओलं कुंकू लावलं आणि ते ओघळून नावावर आलं. दुसरी पत्रिका तिनं वाळू दिली, पण पाकिटात घालताना कुंकवाचा पापुद्रा निघून मांडीवर पडला. ‘‘भाऊ, याच्यावर कुंकू धरतच नाही,’’ ती म्हणाली. त्या रात्री आम्ही चारशे पाकिटांना कुंकू लावलं, पत्रिका मात्र कोऱ्याच गेल्या.

काम सुबक झालं होतं, पैसेही ठरल्याप्रमाणेच लागले होते. चूक आमची होती. ऑर्डर देताना आम्ही पत्रिका दिसेल कशी एवढंच पाहिलं. तिच्यावर पुढे घरातले हात काय करणार आहेत, हे आम्ही छापखान्याला सांगितलंच नाही. तेव्हापासून पत्रिका असो, दुकानाचं कार्ड असो की तांदळाचा बॉक्स, मी पहिला प्रश्न हाच विचारतो. या लेखातला खर्चाचा सगळा हिशेबही त्याच प्रश्नाभोवती मांडला आहे.

फिनिशिंग म्हणजे काय

शाई कागदावर बसली की छपाई संपते. त्यानंतर त्या कागदावर जे जे होतं ते फिनिशिंग : लॅमिनेशन, यूव्ही, फॉइल, एम्बॉसिंग, पंचिंग, क्रीजिंग, बाइंडिंग. छापलेल्या कागदाला सजवण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. १८९४ मध्ये मुंबईत राजा रविवर्म्यांचा छापखाना सुरू झाला. तिथे छापलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांवर लोक घरी जर, टिकल्या आणि कापड चिकटवून देवीला खरी साडी नेसवत. आज तेच काम यंत्र करतं, आणि यंत्राचा हिशेब वेगळा असतो.

खर्चाचे तीन भाग

फिनिशिंगचं कोणतंही बिल तीन भागांत मोडतं.

*तयारीचा खर्च.* फॉइलचा ब्लॉक, पंचिंगची डाय, स्पॉट यूव्हीची स्क्रीन किंवा प्लेट, मशीन लावण्याची मजुरी. एक प्रत काढा किंवा दहा हजार काढा, हा खर्च तेवढाच राहतो.

*प्रतीमागचा खर्च.* प्रत्येक ठशाची मजुरी, फिल्म, फॉइल. प्रती वाढतील तसा हा वाढतो.

*मिनिमम.* काम कितीही लहान असलं तरी मशीन सुरू करण्यासाठी दुकानदार घेतो ती किमान रक्कम.

दर दुकानागणिक आणि हंगामागणिक बदलतात. म्हणून इथले आकडे मी हिशेबाची रीत दिसावी एवढ्यासाठी धरले आहेत. तुमच्या कोटेशनमधले आकडे त्यांच्या जागी घाला आणि पुन्हा मांडणी करा.

धरा, फॉइलच्या ब्लॉकला ६०० रुपये, मशीन लावायला ८०० रुपये आणि एका ठशाला १ रुपया लागतो. मग २०० पत्रिकांना १,६०० रुपये, म्हणजे पत्रिकेमागे ८ रुपये पडतात. ४०० पत्रिकांना १,८०० रुपये, म्हणजे साडेचार रुपये. १,००० पत्रिकांना २,४०० रुपये, म्हणजे २ रुपये ४० पैसे. सोनं तेच, अक्षरं तीच, फक्त प्रतींची संख्या बदलली. ‘फॉइल महाग असतं का?’ असं विचारण्यात म्हणूनच अर्थ नाही. ‘माझ्या इतक्या प्रतींना किती पडेल?’ असं विचारावं.

लॅमिनेशन : हिशेब चौरस इंचावर

लॅमिनेशन म्हणजे छापलेल्या कागदावर उष्णतेनं आणि दाबानं चिकटवलेली प्लास्टिकची पातळ फिल्म. ग्लॉस चमकदार असतं आणि रंग उठवतं. मॅट शांत दिसतं, पण रंग थोडा मंद करतं, आणि गडद रंगावर नखाचा ओरखडा लगेच दिसतो. व्हेल्वेट हाताला मऊ लागतं आणि तिन्हींत सगळ्यात महाग असतं.

दर सहसा १०० चौरस इंचांवर सांगतात. १२ × १८ इंचांची एक शीट २१६ चौरस इंचांची होते. पत्रिका उघडल्यावर ९ × १२ इंचांची असेल, तर एका शीटमध्ये दोन बसतात. ४०० पत्रिकांना २०० शीट लागतात, सेटिंगमध्ये वाया जाणाऱ्या धरून २१०. मॅटचा दर ५० पैसे धरला तर एका बाजूचे साधारण २२७ रुपये होतात. व्हेल्वेटचा दर १ रुपया धरला तर ४५४. पत्रिकेमागे फार तर सव्वा रुपया.

आता फॉइलशी तुलना करा. ४०० पत्रिकांवर फॉइलला साडेचार रुपये पडले, व्हेल्वेटला सव्वा रुपयाच्या आत. दहा हजार प्रती काढल्या तर फॉइल १ रुपया १४ पैशांवर उतरतं आणि व्हेल्वेट १ रुपया ८ पैशांवर राहतं, म्हणजे दोन्ही जवळजवळ सारखी. लॅमिनेशन क्षेत्रफळावर चालतं, त्यामुळे प्रती वाढवून ते फारसं स्वस्त होत नाही. फॉइलचा बराचसा भार तयारीवर असतो, त्यामुळे प्रती वाढल्या की ते झपाट्यानं उतरतं. कमी प्रतींच्या घरगुती कामात खिसा रिकामा करतो तो ब्लॉक, फिल्म नव्हे.

नदीकाठच्या आपल्यासारख्यांसाठी एक जास्तीची सूचना. कागद हवेतली ओल पितो आणि फुगतो. फिल्म फुगत नाही. एकाच बाजूला लॅमिनेशन केलेलं कार्ड म्हणूनच पावसाळ्यात फिल्मच्या बाजूला वळतं, आणि एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात उलट्या बाजूला. वैनगंगेच्या काठी एकाच वर्षात हे दोन्ही टोकाचे ऋतू भोगावे लागतात. दुकानाच्या गल्ल्यावर ठेवायच्या कार्डाला किंवा भिंतीवरच्या दरपत्रकाला दोन्ही बाजूंनी लॅमिनेशन करा. खर्च दुप्पट होतो, पण कागद सरळ राहतो. दोन महिन्यांत काम संपणाऱ्या पत्रिकेला एक बाजू पुरते, आणि आतली कोरी बाजू पेन आणि कुंकू दोन्ही धरते.

यूव्ही आणि स्पॉट यूव्ही

यूव्ही म्हणजे पातळ द्रवाचा थर, जो अतिनील दिव्याखाली क्षणात घट्ट होतो. संपूर्ण कागदावर दिलं तर फुल यूव्ही, ठरावीक जागीच दिलं तर स्पॉट यूव्ही. मॅट लॅमिनेशनवर फक्त नाव किंवा चिन्ह चमकवायचं असेल तेव्हा स्पॉट यूव्ही शोभतं. आजूबाजूचा भाग मंद असतो म्हणूनच ती चमक दिसते. ग्लॉस लॅमिनेशनवर ते करून घेणं म्हणजे पैसे वाया घालवणं.

स्पॉट यूव्हीला तयारीचा खर्च असतो, त्यामुळे २००-३०० प्रतींना ते महाग पडतं. डिझाइनरकडून त्यासाठी वेगळी फाइल लागते, जिच्यात चमकवायचा भाग काळ्या रंगात दाखवलेला असतो. हे काम कोण करणार आणि त्याचे पैसे कोटेशनमध्ये आहेत का, हे आधीच विचारा. यूव्हीचा थर घडीवर तडकतो, म्हणून घडीच्या रेषेवर तो येऊ देऊ नका. आणि यूव्हीवर रबरी शिक्का टिकत नाही, पेन चालत नाही, डिंक धरत नाही.

फॉइल : सोन्याचा रंग, सोनं नाही

फॉइलमध्ये सोनं नसतं. पातळ पॉलिस्टर फिल्मवर ॲल्युमिनियमचा अतिशय बारीक थर असतो आणि वर पिवळसर लाखेचा लेप. तापवलेला धातूचा ब्लॉक दाबला की तो थर कागदावर उतरतो. कागदावरचा हा मुलामा फिका पडला तर दुरुस्त होत नाही. त्यामुळे ऑर्डर देण्यापूर्वी फॉइलवर नख घासून पाहा.

ब्लॉकची किंमत त्याच्या आकारावर, म्हणजे चौरस इंचांवर ठरते. जस्ताचा किंवा मॅग्नेशियमचा ब्लॉक स्वस्त असतो आणि घरच्या कामाला पुरतो. पितळेचा ब्लॉक महाग पडतो, पण कितीतरी जास्त ठसे देतो. फॉइलसाठी लहान जागा निवडली की ब्लॉकही स्वस्त होतो आणि फॉइलही कमी लागतं. एक गणपती आणि दोन नावं पुरेशी असतात.

मराठी मजकुराला इथे खास काळजी घ्यावी लागते. इंग्रजी अक्षरांचे नमुने पाहून आपण फॉइल पसंत करतो. पण देवनागरीत शिरोरेखा, रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांच्या पोटातल्या बारीक मोकळ्या जागा असतात. तापलेला ब्लॉक दाबला की फॉइल थोडं पसरतं आणि ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘द्ध’ यांची पोटं भरून जातात. उलट अगदी बारीक अनुस्वार कागदावर उतरतच नाही, आणि ‘चि. सौ. कां.’मधल्या ‘कां.’चा ‘का.’ होतो. फॉइलमधला मजकूर किमान १४ पॉइंटचा आणि एकसारख्या जाडीच्या टाइपात ठेवा. संपूर्ण पत्रिका फॉइलमध्ये छापण्याचा मोह टाळा.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. बदलू शकेल असं काहीही ब्लॉकमध्ये घालू नका. मुहूर्ताची वेळ, मंगल कार्यालयाचं नाव आणि फोन नंबर साध्या शाईत ठेवा. कार्यालय बदललं तर शाईची छपाई पुन्हा करता येते. ब्लॉक मात्र नवा करावा लागतो.

एम्बॉसिंग

भंडारा पितळी भांड्यांसाठी ओळखला जातो. तिथे ठोक्यांचं काम पाहिलेल्या माणसाला एम्बॉसिंग वेगळं समजवावं लागत नाही. वरून दाब, खालून त्याच आकाराचा आधार, आणि मधल्या कागदाला उठाव. उलट दाबून खोल केलं तर डीबॉसिंग.

एम्बॉसिंगला ठसा आणि प्रतिठसा अशी जोडी लागते, म्हणून तयारी फॉइलपेक्षा महाग पडते. जाड, मऊ कागदावर, साधारण २५० जीएसएमच्या (कागदाच्या वजनाचं माप) पुढे, ते खुलतं. पातळ कागद फाटतो. मागच्या बाजूला उलटा उठाव येतो, तेव्हा त्या जागी मागे मजकूर ठेवू नका. रंगाशिवायच्या कोऱ्या उठावाला शाई लागत नाही, फॉइल लागत नाही आणि त्याच्या शेजारी कुंकू सुरेख बसतं. माझ्या मते घरगुती पत्रिकेसाठी पैशाला सगळ्यात जास्त न्याय देणारं काम हेच आहे.

पंचिंग, क्रीजिंग, बाइंडिंग

कागद चौकोनाशिवाय इतर आकारात कापायचा असेल तर पंचिंग. लाकडी फळीत पोलादी पात्या बसवून डाय तयार करतात. तयारीचा खर्च इथेही आहेच. म्हणून विचारा : ‘‘तुमच्याकडे तयार डाय आहेत का?’’ बहुतेक पंचिंगवाल्यांकडे जुन्या कामांच्या डायांचा ढीग असतो. बॉक्सचं माप दोन-चार मिलिमीटरनं बदलून तयार डायमध्ये बसवलं तर नव्या डायचा सगळा खर्च वाचतो.

क्रीजिंग म्हणजे घडीच्या जागी आधी दाबून काढलेली रेघ. जाड कार्ड क्रीजिंगशिवाय दुमडलं तर घडीवर शाई तडकून पांढरी रेघ दिसते. हे काम फार स्वस्त असतं आणि बिल कमी दाखवण्यासाठी सगळ्यात आधी हेच गाळलं जातं. कोटेशनमध्ये ‘क्रीजिंगसह’ असं लिहून घ्या.

शाळेची स्मरणिका किंवा कवितासंग्रह काढणाऱ्यांनी बाइंडिंगचं गणित पाहावं. पानं चारच्या पटीत असतील आणि अंक पातळ असेल तर सेंटर पिन सगळ्यात स्वस्त. जाड पुस्तकाला परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गरम डिंक. शंभर हातांतून फिरणाऱ्या ग्रंथालयाच्या पुस्तकाला शिवलेली बांधणी घ्या. परफेक्ट बाइंडिंगची पानं वारंवार उघडल्यावर सुटतात, आणि पुस्तक दुसऱ्यांदा बांधायला पहिल्यापेक्षा जास्त पैसे लागतात.

तीन कामं, तीन निर्णय

*लग्नपत्रिका, ४०० प्रती.* वरच्या आकड्यांनी फॉइलला साडेचार रुपये, एम्बॉसिंगला (जोडीला १,००० रुपये धरून) साडेपाच आणि व्हेल्वेटला सव्वा, तिन्ही घेतली तर छपाई सोडून पत्रिकेमागे सव्वाअकरा रुपये होतात. तिन्हींतलं एकच घ्या. एकाच कामाकडे नजर जाते, तीन कामं एकमेकांना झाकतात. आणि पत्रिकेला वर प्लास्टिकचं पारदर्शक आवरण घालून मागू नका. १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेल्या एकल वापराच्या प्लास्टिकच्या यादीत मिठाईच्या डब्यांवरची आणि आमंत्रणपत्रिकांवरची गुंडाळायची फिल्म आहे.

*व्हिजिटिंग कार्ड, १,००० नग.* एका १२ × १८ च्या शीटमध्ये मार्जिन सोडून २४ कार्डं बसतात, म्हणजे ४२ शीट. त्यांचं मॅट लॅमिनेशन ५० पैशांच्या दरानं एका बाजूला ४५ रुपयांचं होतं. पण ४५ रुपयांसाठी कोणी मशीन तापवत नाही, तिथे मिनिमम लागू होतं. म्हणूनच अनेक गिऱ्हाइकांची कार्डं एकाच मोठ्या शीटवर घेऊन छापणारे स्वस्तात देऊ शकतात. तुमचं कार्ड ठरलेल्या मापाचं आणि ठरलेल्या कागदाचं असेल तर त्या एकत्रित छपाईत द्या. रंगात उन्नीस-बीस होईल, तेवढं मान्य करा. डॉक्टरांच्या कार्डावर मागे भेटीची तारीख लिहायची असते, तेव्हा मागची बाजू लॅमिनेशनशिवाय सोडायला सांगा.

*तांदळाचा बॉक्स.* भंडाऱ्याच्या चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि बचत गटांतल्या बाया एक किलोचे भेटबॉक्स करण्याची चौकशी करतात. तांदूळ दाखवायला बॉक्सला खिडकी हवी असते, म्हणजे पंचिंगची डाय आली. डायचा खर्च ५०० बॉक्सवर पसरला तर जाणवतो, ५,००० वर जाणवत नाही. डिझाइन पक्कं ठेवा आणि दोन हंगामांचे बॉक्स एकदम काढा. निव्वळ वजन, किंमत, पॅक केल्याचा महिना आणि पॅक करणाऱ्याचा पत्ता बॉक्सवर असावाच लागतो. यातला महिना आणि बॅच दर वेळी बदलतात. त्यांच्यासाठी दोन इंचांची जागा ठेवा आणि तिच्यावर लॅमिनेशन किंवा यूव्ही येणार नाही अशी सूचना लिहून द्या, म्हणजे शिक्का तिथे धरेल. आंधळगावच्या कोसा साडीच्या बॉक्सलाही हाच नियम लागू.

काम कुठे द्यायचं

कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की भंडारा, आणि पुढे साठ-पासष्ट किलोमीटरवर नागपूर. साधी छपाई, स्क्रीन प्रिंटिंग, तयार पत्रिकेवर नावं छापणं, सेंटर पिन ही कामं भंडाऱ्यात द्यावीत. चूक झाली तर संध्याकाळी जाऊन दुरुस्त करून घेता येते. फॉइल, स्पॉट यूव्ही, एम्बॉसिंग यांसारखं काम जवळच्या छापखान्याला दिलं तरी पुष्कळदा तो ते नागपूरला जॉबवर्कसाठी पाठवतो. त्यात गैर काही नाही. त्यानं ने-आण, जबाबदारी आणि दुरुस्ती अंगावर घेतलेली असते. स्वतः नागपूरला जाऊन किती वाचेल ते काढताना प्रूफ पाहायला एक आणि माल आणायला एक अशा दोन फेऱ्यांचं भाडं आणि बुडालेला दिवस धरा. छोट्या कामात फरक उरत नाही. मोठ्या कामात उरतो.

लग्नसराईत आणि दिवाळीच्या आधी फिनिशिंगच्या मशीनवर रांग असते. छपाईच्या वेळेशिवाय किमान आठवडा हातात ठेवा. ऑफसेटची शाई नीट वाळल्याशिवाय लॅमिनेशन केलं तर फिल्म फुगते. घाई केल्याचा भुर्दंड असा कागदावरच दिसतो.

ऑर्डर देण्यापूर्वी

फॉइल आणि यूव्ही संगणकाच्या पडद्यावर दिसत नाहीत. पडद्यावरचा पिवळा रंग पाहून होकार देऊ नका. त्याच कागदावर त्याच फिनिशिंगचा जुना नमुना मागा आणि पाच मिनिटं त्याच्याशी घालवा. तो दुमडून पाहा. नख ओढून पाहा. बॉलपेननं लिहा. शिक्का मारा. पत्रिका असेल तर घरून पुडीत नेलेलं कुंकू ओलं करून लावा आणि वाळू द्या.

कोटेशन लेखी घ्या आणि त्यात हे विचारा :

- ब्लॉक, डाय, स्क्रीन यांचे पैसे वेगळे की धरलेले?
- मिनिमम किती, आणि माझं काम त्याच्या वर जातं का?
- वाया जाणाऱ्या शीट कोणाच्या? मला मोजून किती प्रती मिळतील?
- जीएसटी धरून की वेगळा?
- प्रूफवर सही केल्यानंतर चूक निघाली तर खर्च कोणाचा?
- काम झाल्यावर ब्लॉक आणि डाय मला परत मिळतील का?

शेवटचा प्रश्न विसरू नका. ब्लॉकचे पैसे तुम्ही दिले असतील तर तो परत मागा. गणपतीचा, कुलदैवताचा, दुकानाच्या चिन्हाचा ब्लॉक पुन्हा चालतो. फक्त तो कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा.

भाचीच्या पत्रिकेचा गणपतीचा ब्लॉक ताईच्या कपाटात होता. पुढच्या लग्नाला आम्ही तोच दिला. नवा ब्लॉक नाही, व्हेल्वेट नाही. जाड पांढरं कार्ड, वर सोनेरी गणपती, नावं मरून शाईत आणि खाली उजवा कोपरा कोरा. ताई पुन्हा वाट्या घेऊन ओसरीवर बसली. बोट उचललं, कुंकू कागदात मुरलं आणि तिथेच राहिलं.